होय, जुना आहे

"आज ते जुनं पान काढलंस की सुटलो आपण," फोनवर सर म्हणाले.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर ती मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आत मोठी बहीण. समोर भावोजी येरझारा घालत होते. "काढते सर," ती म्हणाली. हाताला काहीतरी काम हवंच होतं, नाहीतर डोळे सारखे त्या बंद दाराकडे जात होते.

त्या पानाने तिच्या नाकी नऊ आणले होते. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचं रक्त आहे, हे सांगणारी वेबसाइट तिने जीव ओतून बांधली होती. फिरता नकाशा, सरकती चित्रं. नियम सगळ्या ब्राउझरांना एकच, पण व्यक्ती तितक्या प्रकृती! एकात नकाशा चौकटीबाहेर लोंबायचा, दुसऱ्यात बटण चित्राखाली दडी मारायचं. जुन्या ब्राउझरांत तर सगळाच आनंद. शेवटी वैतागून तिने त्यांच्यासाठी एक उघडंबोडकं पान खरडलं. रक्तगट, पेढी, फोन नंबर, बस्स. पण ते कोणाला दाखवायचं? ब्राउझर आपलं नावसुद्धा धड खरं सांगत नाहीत. मग तिने माणसांनाच विचारलं. वेबसाइटच्या माथ्यावर ओळ टाकली, 'तुमचा ब्राउझर जुना आहे का?' 'होय' दाबलं की हे साधं पान उघडायचं. माणसं कशाला खोटं बोलतील?

आणि 'होय' म्हणणारे कमी व्हायच्या ऐवजी महिन्यागणिक वाढतच होते. कुठल्या अडगळीतून ही यंत्रं उकरून काढतात, देव जाणे. प्रत्येक बदल दोनदा करायचा, प्रत्येक शिवी दोनदा हासडायची. आज एकदाचा काडीमोड! तिने पान निवडलं, बोट 'डिलीट'वर नेलं.

दार उघडलं. "रक्त लागतंय," नर्स म्हणाली. "त्यांच्या गटाचं आमच्याकडे नाही. लगेच बघा."

भावोजींनी आपला कोरा करकरीत फोन काढून तिचीच वेबसाइट उघडली. वर ती ओळ आली. खाली नकाशाच्या जागी गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. ऑफिसात ते कधी एवढं फिरलं नव्हतं.

"अगं, तूच केलंयस ना हे? काहीतरी कर!" भावोजींचा आवाज फाटला.

"वरचं 'होय' दाबा हो," नर्स म्हणाली. "इथे नेट रांगतं, सगळे तेच दाबतात."

तिने भावोजींच्या हातातून फोन हिसकावला आणि दाबलं. काळी अक्षरं झटकन उमटली. गट, पेढी, नंबर. पहिल्याच फोनला रक्त मिळालं आणि ते आणायला भावोजी जिन्याकडे धावले.

ती बाकावर बसली. लॅपटॉपवर ते पान अजून तसंच निवडलेलं होतं. तिने ती निवड रद्द केली.

फोन पुन्हा वाजला. सर वैतागले होते. "काढलंस का? अजून किती उरलेत गं ते जुने ब्राउझरवाले?"

"आज एक वाढलीय, सर," ती म्हणाली. "मी."