उलटा चढ

इंजिन खरखरलं, उताराकडे तोंड करून गाडी उलटी घाट चढू लागली, आणि सून तिच्या पुढून पायी चालू लागली.

वळणावरच्या नव्याकोऱ्या पाटीवर सगळं लिहिलेलं होतं. दोन किनारे जोडणारा देशातला पहिला हमरस्ता, त्याला आज शंभर वर्षं पूर्ण. तेव्हाच्या गाड्यांची टाकी सीटखाली असायची. चढावर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचं नाही, म्हणून ड्रायव्हर गाडी उलटी फिरवून हे वळण चढायचे. गाडीपुढे लाकडी ठोकळा घेऊन कोण चालायचं, ते मात्र पाटीवर नव्हतं.

सासऱ्यांची गाडी त्याच काळातली, आणि त्यांच्याकडे ते काम घरातल्या बाईचं. इंजिन बंद पडलं तर ठोकळा चटकन चाकाखाली सरकवायचा, कारण ब्रेक नुसते नावाला. दर वर्षी गाडी इथे चढायची आणि सासूबाई पुढून चालायच्या. यंदा त्या हयात नव्हत्या. नवऱ्याचा गुडघा नेमका आज सकाळी दुखायला लागला. तो गुडघा आता वर टोकाला, कॅमेरा घेऊन गर्दीत उभा होता.

"उंदरांनी कुरतडलाय की काय हा?" निघताना ठोकळ्याच्या कडा बघून तिनं विचारलं होतं.

"कोण जाणे. तुझ्या सासूनं कधी कुणाला हात लावू दिला नाही त्याला," सासरे म्हणाले होते.

आता ती गाडीच्या तोंडासमोर होती. गाडी घसरली तर पहिली तिच्याच अंगावर येणार होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीकडचा दगडी कठडा जागोजागी ढासळलेला. आणि सासरे मागे बघतच नव्हते. ते टक लावून तिच्याकडे बघत होते.

"बाबा, मागे बघा ना!" ती ओरडली.

"मान वळत नाही!"

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं!"

"मग थांबवा गाडी!"

"थांबवली तर ब्रेक धरणार नाहीत! मागे तू बघ. मी तुझ्या तोंडाकडे बघतो. तुझ्या सासूच्या वेळीही असंच करायचो!"

गाडीला आरसा नव्हता. त्या काळच्या गाडीला कुठला आरसा! तिनं बाजूनं वाकून पाहिलं. दरीकडचं मागचं चाक कठडा ढासळला होता तिथेच पोचत होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो बघून सासरे गडबडले आणि त्यांनी स्टिअरिंग नेमकं दरीकडेच वळवलं. चार-दोन खडे सुटून खाली गेले. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

"नुसती घाबरू नकोस!" सासरे किंचाळले. त्यांचाही आवाज चिरकला होता. "कुठल्या बाजूला घाबरलीस ते दाखव!"

तिला डोळे गच्च मिटून घ्यावेसे वाटत होते. ठोकळा टाकून पळावंसं वाटत होतं. पण ती तशीच चालत राहिली. जीव मुठीत धरून तिनं डोळे फाडून दरीकडे पाहिलं. सासऱ्यांनी स्टिअरिंग गरकन उलटं फिरवलं. गाडी कड्याकडे सरली. कडा फार जवळ आला तेव्हा तिनं कड्याकडे पाहिलं. मग पुन्हा दरीकडे. असं करत करत टाळ्यांचा आवाज जवळ आला आणि गाडी सपाटीवर येऊन थांबली.

लोकांनी सासऱ्यांना गराडा घातला. "आजोबा, एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाहीत!" कुणीतरी म्हणालं.

"सवय," सासरे म्हणाले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. गर्दी जरा पांगल्यावर ते सुनेला म्हणाले, "तुझी सासू कधी घाबरली नाही बघ. शांतपणे इकडे-तिकडे बघायची, बस्स. ठेव आता तो ठोकळा खाली."

तिला तो सोडवेना. तिनं खाली पाहिलं. ठोकळ्याच्या कडांवरच्या त्या कुरतडल्यासारख्या खाचांमध्ये तिची दहाही नखं रुतून बसली होती, आणि तरीही कितीतरी खाचा मोकळ्या होत्या.