सेम टू सेम

मोबाइलमध्ये डोकं खुपसून पाचेक वर्षांची एक पोरगी सरळ हायवेवर निघाली होती आणि उसाचा ट्रक तिच्या अंगावर येत होता. वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत बसलेली बेबीनंदा पिशवीसकट धावली. तिनं पोरीचं मनगट धरलं आणि तिला कडेला ओढलं. ट्रक धुरळा उडवत निघून गेला. पोरीनं स्क्रीनवरून नजर उचलली, बेबीनंदाच्या तोंडाकडं पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "चेटकीण! पप्पा, चेटकीण आली!"

बेबीनंदाला आधी त्याचं काहीच वाटलं नाही. ती शाळेत खिचडी शिजवायची, पोरांचं रडणं-ओरडणं तिला रोजचंच होतं. रंगानं काळी, हाडापेरानं दणकट बाई. चुलीच्या धुरानं आवाज घोगरा झालेला. पळताना अंबाडा सुटून केस पाठीवर आले होते. उगी उगी म्हणत ती खाली वाकली, तशी पोरगी आणखीनच किंचाळली, "ही मला खाणार आहे!" मोबाइल तिच्या हातून मातीत पडला.

कडेच्या गॅरेजमधून माणसं आली, टपरीवरची आली. पोरं पळवणाऱ्या बायकांचे व्हिडिओ त्या दिवसांत सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरत होते. त्यामुळं कोणी कोणाला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. गॅरेजवाला संपत सगळ्यांच्या पुढं होता. टायर काढायची लोखंडी टॉमी त्याच्या हातात तशीच होती.

"कोणाचं लेकरू हाय हे?"

"मला काय म्हाईत, बाबा? रस्त्यावर चाल्ली होती..."

"मंग हात कशाला धरला तिचा?"

बेबीनंदानं चटकन हात सोडला. तिथंच चुकलं. बघा कशी घाबरली, असं मागून कोणीतरी म्हणालं, आणि घेरा जवळ सरकला. घाबरली तर ती होतीच. तिच्या गावात एकानं तिच्याकडं बोट दाखवलं असतं तर चौघं मधे पडले असते. इथं तिचं नाव सांगणारंही कोणी नव्हतं. लेक बाळंत झालीय, तिच्याकडं अंबडला निघालेय, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून पहिला शब्द निघाला तोच असा खरखरीत की पोरगी पुन्हा ओरडली.

कोणीतरी पिशवी उलटी केली. आतून झबली पडली, टोपडी पडली, जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं पडलं. नातवासाठी तिनं स्वतः शिवलेलं ते सगळं मातीत पसरलं. जमावाला आयता पुरावा मिळाला.

"लेकरांचे कपडे घेऊन फिरून राह्यली," एक जण म्हणाला.

कोणीतरी मागून तिचे केस मुठीत धरले. पोलिसांना बोलवा, असं एकानं म्हटलं. त्यांचं मागून बघू, असं दुसऱ्यानं. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. असाच एक व्हिडिओ तिनंही पाहिला होता. त्यातली बाई हात जोडून बसली होती. पुढचं तिला बघवलं नव्हतं. आता समोर जोडलेले हात तिला दिसले आणि ते आपलेच आहेत हे कळलं.

पोरीच्या घरच्यांना फोन लावावा म्हणून संपतनं तो पडलेला मोबाइल उचलला. कार्टून चालूच होतं. पडद्यावर एक काळीकुट्ट, जाडजूड चेटकीण होती. नाक पसरट, ओठ जाड, केस मोकळे. कोपऱ्यात मूठभर कमरेची गोरीपान राजकन्या नुसती रडत बसली होती, आणि तिला सोडवायला तितकाच गोरा राजपुत्र घोड्यावरून निघाला होता. संपतनं पडद्याकडं पाहिलं. मग बेबीनंदाकडं. मग पुन्हा पडद्याकडं.

"आरं, सेम टू सेम," तो म्हणाला आणि त्याला हसू फुटलं.

मोबाइल या हातातून त्या हातात गेला. नाक बघा, केस बघा, पोरीची काय चूक, असं म्हणत जो तो हसू लागला. केस धरलेली मूठ सुटली. एकानं तर तो पडदा बेबीनंदाच्या गालाशी धरून दोन्ही तोंडांचा फोटो काढला.

तेवढ्यात शेजारच्या हॉटेलातून पोरीचा बाप धावत आला. नाश्त्याचा हात अजून खरकटाच होता. संपतनं त्याला सगळं हसत हसत सांगितलं. तोही ओशाळं हसला, दिवसभर हेच बघते म्हणाला, आणि पोरीकडं लक्ष दिल्याबद्दल त्यानं संपतचे आभार मानले. ट्रकचं कोणी बोललं नाही. बेबीनंदा मातीतली टोपडी गोळा करत होती, एकेक झटकून पिशवीत भरत होती.

पोरगी बापाच्या खांद्यात तोंड लपवून अजून हुंदके देत होती.

"तिची भीती मोडाया पाह्यजे," संपत म्हणाला. "मावशी, त्या चेटकिणीवाणी एकदा हसून दाखवा बरं."

लोकांनी मोकळी जागा केली. मोबाइल पुन्हा वर गेले. हेच चेहरे मघाशी कसे दिसत होते ते बेबीनंदा विसरली नव्हती. ती उठली. केस तोंडावर घेतले, डोळे वटारले आणि घोगऱ्या आवाजात खदाखदा हसली. कोणी शिट्टी मारली, कोणी टाळ्या वाजवल्या. पोरीनं खांद्याआडून हळूच पाहिलं आणि तीही हसली. बाप तिला घेऊन गाडीकडं गेला.

एसटी आली. लोक पांगायला लागले. बेबीनंदा हसतच होती. आता थांबलं तर चालेल का, हे कोणाला विचारावं ते तिला कळत नव्हतं.