बाजूची खुर्ची

दुकानदाराने दोन मॉनिटर शेजारी शेजारी चालू करून दिले, आणि अजेय समोर उभा राहायचे सोडून बाजूला गेला. कोलकात्याच्या चांदनी मार्केटमधले ते दुकान जेमतेम तीन माणसांचे. हा सोळा वर्षांचा उंच मुलगा तिथे भिंतीला खेटून, मान वाकडी करून बघत होता.

"अरे, मॉनिटर समोरून बघतात," चंद्रकांतराव म्हणाले.

"बाबा, तुम्ही पण इकडे या ना. इथून बघा एकदा."

"मी कशाला? गेम तुला खेळायचाय."

दुकानदाराने समजावून सांगितले. हा डावीकडचा स्वस्त. गेमसाठी झकास, अभ्यासाला, फॉर्म भरायलाही चालेल. फक्त बाजूने पाहिले तर रंग उडतात. उजवीकडचा कुठूनही सारखाच दिसतो, पण महाग. "अकेला बैठेगा तो यही लीजिए, दादा," असे म्हणून त्याने डावीकडच्यावर हात ठेवला.

"अकेला ही तो बैठता है, दिनभर," चंद्रकांतरावांनी विषय निकालात काढला.

"बाबा, उजवीकडचा घेऊ या ना. मग वाढदिवसाला मला काही नको."

"बाजूला बसून बघणार कोण आहे तुझं?"

अजेयने त्यांच्याकडे पाहिले. काहीतरी ओठांवर आले होते, पण त्या वयात मुले अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत. तो म्हणाला, "ठीक आहे."

मग चंद्रकांतरावांनी घासाघीस केली. दुकानदाराने आणखी थोडे कमी केले, पण खोके फोडल्यावर माल बदलून मिळणार नाही या अटीवर. त्यांनी ती आनंदाने मान्य केली. घरी, गार्डन रीचला, जाणाऱ्या बसमध्ये ते खोके मांडीवर घेऊन बसले आणि किती स्वस्तात पडला हे मुलाला ऐकवत राहिले. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? इंजिनावरून उतरल्यापासून जिंकल्यासारखे वाटावे असे फारसे काही त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

नागपूरला असताना चंद्रकांतराव रेल्वेचे इंजिन चालवत. एका वर्षी डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. चष्म्याने जवळचे उत्तम दिसे, पण इंजिनावर लागते तेवढे लांबचे दिसेना. रेल्वेने त्यांना इथल्या ऑफिसात टेबल दिले. पगार चालू राहिला, क्वार्टर मिळाले. त्यांचे बोलणे मात्र तिथेच कुठेतरी राहून गेले.

त्याआधी जेवणाच्या पाटावर रोज गाडी सुटायची. चंद्रकांतराव ड्रायव्हर आणि एवढासा अजेय त्यांचा असिस्टंट. इंजिनात दोन माणसे असतात, ते त्याला सांगत. सिग्नल दिसला की असिस्टंटने मोठ्याने म्हणायचा, ड्रायव्हरने तोच परत म्हणायचा. एकाच्या डोळ्यांवर गाडी सोडायची नसते. अजेय पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवून "हिरवा" म्हणे, आणि बाबा "हिरवा" म्हणून पहिला घास उचलत. कोलकात्याला आल्यावर त्याने एकदा आठवण काढली, तेव्हा "सोड ते आता," म्हणून ते ताटावरून उठले होते. त्यानंतर कुणीच ती काढली नाही.

संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन अजेयच्या खोलीत डोकावले. टेबल खिडकी आणि कपाटाच्या मधल्या बेचक्यात अडकवलेले होते. समोर एकच खुर्ची मावायची. आज मात्र कपाटाला टेकून, टेबलाच्या कडेला, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणून ठेवलेली होती. तिच्यावर त्यांची पाठीची उशी होती.

"हे काय?"

"बसा ना, बाबा."

ते बसले. आता बंदुका निघतील, अशी त्यांची खात्री होती. निघाली ती इंजिनाची केबिन. समोर रूळ, हाताशी ब्रेक, वर भोंग्याची दोरी.

"मी चालवतो," अजेय त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "सिग्नल तुम्ही म्हणायचा."

चंद्रकांतरावांनी कप खाली ठेवला. नकळत ते ताठ बसले आणि त्यांचे हात गुडघ्यांवर गेले. गाडी हलली. त्यांनी खाकरून घसा साफ केला, कारण सिग्नल यायचा होता आणि असिस्टंटचा आवाज स्वच्छ लागतो.

सिग्नल आला.

"सिग्नल?" अजेयने विचारले.

चंद्रकांतरावांनी तोंड उघडले. त्यांच्या खुर्चीवरून सगळे चित्र धुऊन काढल्यासारखे फिकट दिसत होते. खांब होता. खांबावर दिवा होता. त्या दिव्याला रंग नव्हता. ते पुढे वाकले, तिरके झाले, कपाटाचा कोपरा खांद्याला लागला.

"सिग्नल काय आहे, बाबा?"

अजेयला समोरून लाल दिवा स्पष्ट दिसत होता. तरीही तो ब्रेकवर बोट ठेवून थांबून राहिला. त्याला ते बाबांच्या तोंडून ऐकायचे होते. गाडी सिग्नल ओलांडून गेली आणि गेम बंद पडला.

"तुमचे डोळे नाहीत हं, बाबा," तो घाईघाईने म्हणाला. "स्क्रीनच तशी आहे. बाजूने रंग जातात." मग तो उठला. "तुम्ही समोर बसा. मी तिकडे येतो."

"मग तुला दिसणार नाही," चंद्रकांतराव म्हणाले.

अजेय उभाच राहिला.

चंद्रकांतरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि त्या फिकट काचेकडे पाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटले, दोष आपल्या डोळ्यांचाच असता तर बरे झाले असते.