शिट्टीवरून वेग

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे सरकवला, त्या दिवशी कळलं. बायकोच्या दोन्ही कानांतले वरचे सूर गेले होते.

"बोलणं ऐकू येईल," बाई म्हणाल्या. "पक्षी, शिट्ट्या, असलं काही नाही."

"चला, यांच्या शीळ घालण्यातून सुटले," बायको हसत म्हणाली. नवऱ्याला हसू आलं नाही.

त्याला फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या मॉडेमची शिट्टी आठवत होती. रोज संध्याकाळी तो ओरडायचा, "लावतोय गं!" मॉडेम फोन फिरवायचा, किंचाळायचा, आणि स्वयंपाकघरातून ती नुसत्या आवाजावरून जोडणीचा वेग सांगायची. चुकली तर चहा तिने करायचा, नाहीतर त्याने. चहा कायम तोच करायचा.

सुरुवातीला एकदा त्याने तिला खोटं पाडायला पाहिलं होतं. "संगणक तर एक लाख पंधरा हजार दाखवतोय!"

"अहो, तो संगणक ते मॉडेम एवढ्या वीतभर वायरचा वेग. फोनच्या तारेवरचा नोंदींच्या लॉगमध्ये बघा, कनेक्टच्या पुढे. नोकरीत युनिक्स संगणकांवर जन्म काढलात ना?"

लेकीने शिकवलं असेल, असं त्याने धरलं.

घरी आल्यावर ती ओट्याशी गेली. ओट्याच्या कोपऱ्यात त्याच संगणकाला जोडलेला एक जुना टर्मिनल होता, नुसता पडदा नि कळफलक. पाककृती लिहायला त्यानेच हौसेने दिलेला. त्यावर कायम फडकं. "त्यात कोण डोळे फोडून घेतंय," ती म्हणायची.

आज ती काहीही म्हणाली तरी 'बरोबर' म्हणायचं, त्याने ठरवलं.

"लावतोय गं!"

मॉडेम किंचाळला. थांबला.

"अठ्ठावीस हजार आठशे! आज लाइन खराब दिसतेय."

त्याने लॉग उघडला. कनेक्ट, अठ्ठावीस हजार आठशे.

त्याने खुर्चीतच टाळी वाजवली. "त्या बाईंना काही कळत नाही! अगं, तुझे कान ठणठणीत आहेत!"

"मग? चहा टाका."

"टाकतो, टाकतो."

संगणकाचा पंखा घरघरत होता. तो साफ करायला त्याने आधी यंत्र बंद करायला घेतलं. नोकरीतली सवय अशी, की त्यावर दुसरं कुणी काम करतंय का हे पाहिल्याशिवाय यंत्र बंद करायचं नाही. घरात कोण असणार? तरी बोटांनी कळफलकावर विचारलंच.

पडद्यावर दोन नावं आली. एक त्याचं. दुसरं बायकोचं, स्वयंपाकघरातल्या टर्मिनलवरून. आणि पुढे ती काय करतेय तेही: लॉगमध्ये नवी ओळ पडली की लगेच दाखव.

यंत्र त्याने चालूच ठेवलं. पंखा साफ करायचा राहिला. चहाही अजून व्हायचा होता.