स्टिअरिंगमधले ठोके

धडक बसून चितळीण सागाच्या पाचोळ्यात कोसळली, तशी गाडीच्या नाकातून एक चकती सुटून तिच्या बरगडीला चिकटली. देवाजींच्या हातातलं स्टिअरिंग त्या चकतीतून येणाऱ्या तिच्या काळजाच्या ठोक्यांनी धडधडू लागलं. वनखात्याची माणसं येईपर्यंत आता गाडी हलणार नव्हती; कायदाच तसा होता.

कौसल्याबाई पाण्याची बाटली घेऊन उतरल्या. "तडफडतेय हो बिचारी. दोन घोट पाजते."

त्या दोन पावलं गेल्या आणि ठोके पिसाटले.

"मागं ये! तुझ्या भीतीनंच तिचा जीव जाईल."

"मी काय वाघ आहे?"

"तिच्यासाठी आहेस."

बाई परत येऊन बसल्या. पण गप्प राहवेना, म्हणून नातीच्या बारशासाठी पाठ केलेला पाळणा गुणगुणू लागल्या. ठोके पुन्हा उसळले. देवाजींनी ओठांवर बोट ठेवलं. जन्मभर तहानेल्याला पाणी आणि रडत्याला गाणं देत आलेल्या त्या बाईनं पदर तोंडाशी धरला आणि नवऱ्याच्या स्टिअरिंगवरच्या हातावर हात ठेवला. तिच्या तळव्याखाली ठोके हळूहळू उतरत गेले.

तासाभरानं वनखात्याची डॉक्टर आली. "पाय मोडलाय, पण जगेल," ती म्हणाली. "यातली बरीच नुसती घाबरून मरतात. तुम्ही दोघं शांत बसलात, बरं झालं."

ते पोचले तेव्हा बारसं आटोपलं होतं. "आई, आता तरी पाळणा म्हणा," सून म्हणाली.

बाळ झोपलं होतं. कौसल्याबाई काही गायल्या नाहीत. त्यांनी नुसता तळहात त्या इवल्या छातीवर ठेवला.