दिवसा घरी कोण असतं?

"दिवसा घरी कोण असतं?" सर्जेरावांनी विचारलं.

हिंजवडीच्या पलीकडे त्यांच्या शेतात कुत्र्यांचे पिंजरे होते. रविवारी सकाळी विक्रम आणि नम्रता कोथरूडहून तिथे पिल्लू बघायला आले होते. बरोबर सात वर्षांची स्वराली आणि विक्रमचे वडील महिपती. कोणती जात किती वाढते, कुणाचे केस किती गळतात, फ्लॅटमध्ये कोण नीट राहतं, सगळं नम्रतानं मोबाइलवर लिहून आणलं होतं. विक्रमच्या मनात लॅब्रॅडॉर होता, स्वरालीच्या मनात बीगल. सर्जेरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि जातीबद्दल काही न बोलता एवढंच विचारलं.

"आम्ही दोघं ऑफिसला, ही शाळेत," विक्रम म्हणाला. "बाबा असतात."

"मग कुत्रं त्यांचंच झालं की. त्यांना विचारलंत का?"

तिघांनी मागे वळून पाहिलं. महिपती मघाशी झाडाखालच्या खुर्चीवर बसले होते. आता खुर्ची रिकामी होती.

वर्षभरात ते तीनदा घराबाहेर पडून हरवले होते. म्हणून तर कुत्रं घ्यायचं ठरलं होतं; दार उघडलं की निदान भुंकेल तरी. फाटक बंद होतं, म्हणजे ते शेतातच होते. नम्रता आधी विहिरीकडे धावली. विहिरीवर लोखंडी जाळी होती. ती धापा टाकत परत फिरली, तेव्हा स्वराली शेवटच्या पिंजऱ्यासमोर उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून.

त्या पिंजऱ्यात डॉबरमन कुत्री होती, नऊ दिवसांपूर्वी व्यालेली. महिपती आत भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर एक पिल्लू होतं. कुत्री त्यांच्या पुढ्यात उभी होती, तोंड त्यांच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर. ती भुंकत नव्हती. नुसती एकसारखी गुरगुरत होती.

"खाणं ठेवलं आन् कुलूप लावायचं ऱ्हायलं माझ्याकडनं," सर्जेराव कुजबुजले. त्यांच्या मनगटावर ताजे टाके होते. परवा हीच कुत्री चावली होती.

कुणी ओरडायचं नाही, पळायचं नाही, असं त्यांनी खुणेनं बजावलं. जाळीतून मटणाचा तुकडा आत टाकला. कुत्रीनं तिकडे पाहिलंही नाही. महिपतींच्या पायजम्यातून ओल फरशीवर पसरत गेली. ते दिसलं आणि विक्रमचा हात दाराच्या उघड्या कडीवर गेला.

कडी वाजली. कुत्रीनं गर्रकन मान फिरवून विक्रमवर दात विचकले.

"विक्या, मागं हो," महिपती म्हणाले. "बाळंतीण हाय ती. फाडंल तुला."

विक्रमचा हात तसाच राहिला. दहा महिन्यांत त्यांनी त्याला नावानं हाक मारली नव्हती. आपल्याला मुलगा आहे, हेच त्यांना आठवत नव्हतं.

सर्जेरावांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. आपण समोर उभे आहोत तोवर ही हलायची नाही, ते म्हणाले. सगळ्यांनी तिच्या नजरेआड व्हायला हवं. नम्रतानं स्वरालीला उचललं आणि ती पिंजऱ्यांच्या शेडमागे गेली. विक्रमचा पाय निघेना. त्या जबड्यासमोर वडिलांना एकटं टाकून त्याला पाठ फिरवावी लागणार होती.

"बाबा," तो शक्य तितक्या हळू म्हणाला, "पिल्लू खाली ठेवा. तिच्याकडे बघू नका. बसल्या बसल्याच दाराकडे सरका. मी इथेच आहे."

महिपतींनी मान हलवली. विक्रम वळला आणि कोपऱ्याआड गेला.

तिथून काही दिसत नव्हतं. पिल्लू केकाटल्याचं ऐकू आलं. मग फरशीवर कापड घासल्याचा आवाज. तो थांबला. गुरगुर वाढली. विक्रमनं मूठ दातांत धरली. नम्रतानं स्वरालीचे कान झाकले. स्वत:चे झाकायला तिला हात उरले नव्हते. काहीतरी टरकन फाटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा घासल्याचा आवाज, थोडा जवळून.

दार करकरलं. पिंजऱ्याच्या बाजूला भिंतीशी चिकटून उभे असलेले सर्जेराव झेपावले, त्यांनी महिपतींना बाहेर ओढलं आणि कडी घातली. आतून कुत्री जाळीवर आदळली.

महिपती मातीत बसले होते. सदऱ्याची बाही खांद्यापासून लोंबत होती. दंडावर ओरखडाही नव्हता.

सर्जेरावांनी तांब्याभर पाणी आणलं. पिल्लू नेऊच नका, ते नम्रताला म्हणाले. पिल्लू पायात येतं, अंगावर उड्या मारतं, आजोबा पडतील. सर्जेरावांकडे चार वर्षांची लॅब्रॅडॉर होती. आधीची माणसं परदेशी गेली म्हणून परत आलेली. शांत होती, म्हाताऱ्या माणसात राहिलेली होती. नम्रतानं मोबाइल पर्समधून काढलाही नाही. "तीच द्या," ती म्हणाली.

विक्रम वडिलांना उठवायला खाली वाकला. त्यांचे दोन्ही हात धरून तो मातीत बसला आणि हुंदके देत रडू लागला. महिपतींनी एक हात सोडवून त्याच्या पाठीवर थोपटलं, आणि स्वरालीकडे झुकून आवाज खाली आणून विचारलं,

"पोरी, हे कोण गं? यांचं कुणी गेलंय का?"