दहापैकी चार

"चारवाली, जिना बसून का उतरतेस गं?" मी शलाकाला चिडवलं.

राज्याच्या नेटबॉल संघात सरावानंतर प्रत्येकीने दमणूक दहापैकी किती ते सांगायचं. प्रशिक्षक वासंतीताई वहीत लिहून उद्याचा सराव ठरवायच्या. गोलखाली उभी असणारी मी तीन सांगायचे. मैदानभर धावणारी शलाकाही चारच! गुडघा नुकताच बरा झालेला. जास्त सांगितलं तर अंतिम सामना हुकेल, ही धास्ती.

शेवटच्या सरावाला तिला खोटं बोलवेना. "नऊ," ती रडवेली होऊन म्हणाली.

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. " तुझ्या चारचे मी रोज नऊच लिहिले, सराव बेताने दिला, म्हणून गुडघा टिकला. परवा तूच खेळणार!"

मी फिदीफिदी हसले, तशा ताई वळल्या. "आणि तुझ्या तीनचा एक!"

शलाका नाचत निघाली. जिना तेवढा बसूनच उतरली.